कोणाच्या सांगण्यावरून

प्रिस्किला गावितची गोष्ट सांगायची तर आधी माझा राग सांगावा लागेल, कारण तो काही आवरत नाही. माझ्या सख्ख्या भाच्यानं त्या पोरीचा केसानं गळा कापला. भाचा म्हणजे भूपेश, आमच्या भिकूचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. दहावी ते बारावी प्रकाशा गावात माझ्या घरी राहून शिकला. आज शहाद्याच्या एका खासगी हॉस्पिटलात मॅनेजर आहे. हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. मी तिथलाच वायरमन, चुनीलाल पाटील. एकोणीस वर्षं झाली, तिथले मीटर, जनरेटर, पंखे, एसी, सगळं माझ्याच हातून जातं.

प्रिस्किला आली साडेचार वर्षांपूर्वी. चिंचपाड्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरात तिचं गाव. बाप दरवर्षी ऊसतोडीला बारडोलीकडे जायचा. ही नंदुरबारला वसतिगृहात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाली. हॉस्पिटलच्या जिन्याखाली सर्व्हरची खोली आहे, तिची किल्ली हिच्या हातात दिली. मला आधी हसूच आलं. एवढीशी पोर, आवाज निघता निघत नाही, आणि हिच्या जिवावर तीन मजली दवाखाना चालणार? पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "पोरी, त्या डब्यांना हात लावण्याआधी मला विचारत जा, शॉक बसेल." ती म्हणाली, "काका, तुमचा अर्थिंग ढिला आहे, मघाशी मलाच बसला." बघितलं तर खरंच ढिला होता. तेव्हापासून मी तिची चेष्टा करायची ती जपून.

त्या खोलीत तीन सर्व्हर. एकात रुग्णांच्या नोंदी आणि लॅबचे रिपोर्ट. दुसऱ्यात एक्स-रे, सीटी स्कॅनचे फोटो. तिसरा या दोघांची नक्कल ठेवायचा आणि गर्दी झाली की दुसऱ्याच्या कामाला हातभार लावायचा. तिघं रात्रंदिवस घुमायचे आणि त्यांना गार ठेवायला माझा एसी रात्रंदिवस घुमायचा. मी त्या खोलीला वेगळा मीटर लावला होता. महिन्याला नऊशे युनिट. एका खोलीला! मी दर महिन्याला आकडा बघायचो आणि शिव्या घालायचो.

एकदा तिनंच विषय काढला. "काका, हे कमी करता येईल."

"बंद करून?"

"नाही. मशीनला सांगता येतं, किती वेगानं पळायचं ते. आता तिन्ही कायम पूर्ण वेगावर आहेत. काम नसलं तरी वीज खातात, तापतात, मग तुमचा एसी अजून खातो. वेग कमी केला की वीज वाचेल. पण कायम कमी ठेवला तर गर्दीच्या वेळी सगळं तुंबेल."

"मग त्यालाच ठरवू दे की, केव्हा पळायचं."

"तसंही होतं. पण ते गर्दी आल्यावर जागं होतं, तोवर डॉक्टर वाट बघत बसतात. मला गर्दीच्या आधी जागं करायचंय." मग म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्यांची जीप घाट उतरताना दिसली की आई चुलीत लाकूड पुढे सारते. दारात आल्यावर सारलं तर चहाला उशीर होतो."

एवढं बोलून ही थांबली नाही. दोन आठवडे ओपीडीच्या बाकावर वही घेऊन बसली. किती वाजता किती माणसं, कोण कुठून आलं. तिला कळलं की धडगाव-मोलगीकडच्या जीपा अकराच्या सुमारास येतात आणि त्यांतली माणसं बहुतेक एक्स-रेला जातात. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी तिकडून कोणी येत नाही, सगळे बाजारात. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट येतात, बाजारात पडलेले-झडलेलेही त्यातच. प्रकाशाला देवळात गर्दी असली की संध्याकाळी उलट्या-जुलाबाचे पेशंट वाढतात, तेव्हा लॅबवर ताण. हॉस्पिटल चालवणाऱ्यांना जे एकोणीस वर्षांत दिसलं नव्हतं ते हिनं पंधरा दिवसांत वहीत उतरवलं. मग त्याप्रमाणे मशीनचं वेळापत्रक बसवलं. साडेदहाला वेग वाढायचा, दीडनंतर उतरायचा, बाजाराच्या दिवशी वेगळा, दुसऱ्या दिवशी वेगळा. एकाही डॉक्टरच्या लक्षात आलं नाही, यातच तिचं यश. तीन महिन्यांत माझ्या मीटरवर नऊशेचे सहाशे ऐंशी झाले. मी तो आकडा तिला वाचून दाखवला तेव्हा ती लाजली. मी पेढे आणले, माझ्या पैशानं.

तिची एक सवय होती आणि ती सवय या गोष्टीत महत्त्वाची आहे. तिच्याकडे एक वही होती, बदलवही म्हणायची. मशीनमध्ये काहीही बदललं की लिहायचं: तारीख, काय बदललं, का बदललं, आणि शेवटचा रकाना, 'कोणाच्या सांगण्यावरून'. स्वतःच्या मनानं केलं तर तिथे स्वतःचं नाव. दुसऱ्यानं सांगितलं तर त्याचं नाव आणि त्याची सही. एसीचा थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर करायला मी सांगितलं तर माझीही सही घेतली होती बाईनं. तिला नोकरीत कायम करायचं चाललं होतं. चार वर्षं कंत्राटावर झाली होती, येत्या बैठकीत ठराव व्हायचा होता. कायम झाली की ती आईला शहाद्याला आणणार होती. खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

आणि अशात माझ्या भाच्याच्या डोक्यात किडा शिरला. कुठल्याशा संघटनेनं ऊर्जाबचतीचं पारितोषिक जाहीर केलं. दवाखाने, शाळा, कारखाने, कोणीही भाग घ्यावा. त्यांचा माणूस पंधरा दिवस मीटर बघणार, आलेख काढणार. भूपेश मला घेऊन जिन्याखाली आला. म्हणाला, "मॅडम, सहाशे ऐंशी ठीक आहे, पण बक्षीस चारशेला मिळतं."

प्रिस्किलानं सांगितलं, चारशे होणार नाही.

"होईल. तिन्हींचा वेग तळाला बांधून टाका, वाढूच द्यायचा नाही. तिसरं मशीन झोपवा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सर, सीटीचे फोटो उघडणार नाहीत. गर्दीच्या वेळी तर मुळीच नाही."

"दोन मिनिटं उशिरा उघडतील. कोणी मरत नाही."

तिनं टेबलावरची वही उघडली, तारीख घातली आणि वही पेनासकट त्याच्यापुढे केली. "सर, इथे सही करा. मग करते."

भूपेशचा चेहरा पडला. आणि इथे मी मध्ये पडलो. मला गप्प बसता आलं असतं, पण सवय जाते का? माझा बाप सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या सौद्यात मध्यस्थी करायचा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, कागद नाही, सही नाही. घोडं पुढे लंगडं निघालं तर मध्यस्थ उभा राहायचा. आमच्या बापाचा शब्द कधी खाली पडला नाही, हे मी जन्मभर मिरवत आलो. आणि आमच्याकडे घरच्या माणसाला सही मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर 'तू चोर' म्हणणं. मला तो अपमान माझाच वाटला.

मी म्हटलं, "अगं, सही कसली मागतेस? माझा भाचा आहे तो. पंधरा दिवसांचं काम आणि एवढा तमाशा?"

"काका, नियम आहे."

"नियम परक्यांना. मी मध्ये आहे ना. काही झालं तर मी सांगेन, माझ्यासमोर सांगितलं होतं म्हणून. चुनीलालचा शब्द आहे."

तिनं विचारलं, "मग निदान 'तोंडी सूचना, भूपेश सर' असं लिहू का?"

ते भूपेशला आवडलं नाही हे मला दिसत होतं. मीच म्हटलं, "राहू दे ना तो रकाना कोरा. बक्षीस लागल्यावर भर."

तिनं रकाना कोरा ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि मशीनं तळाला बांधली.

चौथ्या दिवसापासून डॉक्टर कुरकुर करायला लागले. एक्स-रे उघडायला चार मिनिटं, पाच मिनिटं. प्रिस्किलानं भूपेशला फोन केला, तो म्हणाला, "थोडं सोसा." सातव्या दिवशी ती त्याच्या केबिनमध्ये गेली, तो म्हणाला, "मीटर चारशेच्या खाली जाणार आहे, आता माघार नाही." मला भेटून म्हणाली, "काका, मला भीती वाटतेय." मी तिला काय सांगावं? सांगितलं, "भिऊ नको, आठच दिवस राहिले." उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

अकरावा दिवस. मोलगीच्या बाजाराचा दुसरा दिवस, म्हणजे दुप्पट गर्दीचा. साडेअकराला एका जीपमधून रूपीबाई म्हणून म्हातारीला आणलं. आदल्या संध्याकाळी बाजारातून परतताना जीपच्या टपावरून पडली होती, डोक्याला मार. सीटी झाली. मेंदूचे डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटजवळ होते, ते तिथल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडायला बसले. उघडेना. नुसतं चक्र फिरतंय. खाली एक्स-रेच्या रांगेत साठ माणसं, प्रत्येकाचा फोटो त्याच एका झोपाळलेल्या मशीनमधून जायचा. प्रिस्किला जिन्याखाली धावली, कोणाला न विचारता वेग मोकळा केला, तिसरं मशीन उठवलं. ते उठायला नऊ मिनिटं लागली. तोवर डॉक्टर चिडून स्वतःच खाली पळत आले आणि सीटीच्या खोलीतच फोटो बघितला. सगळी मिळून पंचवीस मिनिटं गेली.

ऑपरेशन झालं, रूपीबाई वाचली. डावा हात मात्र परत उचलला नाही. पंचवीस मिनिटांनी हात गेला की मारानंच गेला होता, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नाहीत. पण तिच्या मुलाला कोणीतरी सांगितलं, कॉम्प्युटर बंद होता. त्यानं अंगणात बसून माणसं जमवली. अध्यक्ष शांतीलालभाऊंनी चौकशी लावली, तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला.

आदल्या दिवशी दुपारी भिकू माझ्या घरी आली. माझी धाकटी बहीण, नवरा गेल्यावर भूपेशला मोठं केलेली. ओसरीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. स्वतःची शपथ घालून म्हणाली, "दादा, तुले मन्ही आन शे. तू तठे काहीच बोलू नको. मन्हा पोऱ्यानी नोकरी जाई."

मी म्हटलं, "आनि त्या पोरनी जाई तं?"

"ती आपली शे का?"

असं म्हणून तिनं माझे पाय धरले. साठीची बहीण पाय धरते तेव्हा माणूस काय करतो, ते मला विचारू नका.

चौकशीच्या खोलीत शांतीलालभाऊ, दोन विश्वस्त, भूपेश, प्रिस्किला आणि दाराशी मी. भूपेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो बोलला, आणि काय बोलला बघा. "भाऊ, बचतीचं डोकं सगळं मॅडमचंच. मी फक्त पारितोषिकाची माहिती दिली होती. मशीनचा वेग एवढा उतरवलाय हे मला माहीतच नव्हतं. उत्साहाच्या भरात त्यांनी केलं असावं. मला त्यांचं वाईट वाटतं." वाईट वाटतं! माझ्या घरचं दूध प्यालेलं तोंड ते.

शांतीलालभाऊंनी बदलवही मागवली. पानं उलटली. चार वर्षांच्या नोंदी, प्रत्येक रकाना भरलेला, प्रत्येक सही जागेवर. आणि त्या एका तारखेला कोरा. त्यांनी बोट ठेवलं. "मॅडम, इथे नाव का नाही?"

प्रिस्किला म्हणाली, "भूपेश सरांनी तोंडी सांगितलं होतं. चुनीलालकाका तिथे होते. त्यांना विचारा."

असं म्हणून ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा काळजी नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसत होती.

"बोला चुनीलाल," शांतीलालभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊ, मी वायरमन माणूस. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"पण भूपेशनं सांगितलं की नाही?"

"त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी एसी बघत होतो."

बस्स, एवढंच. पुढे मूग गिळून उभा राहिलो. प्रिस्किलानं वही उचलायला हात पुढे केला, शांतीलालभाऊ म्हणाले, वही इथेच राहील, तेव्हा हात मागे घेतला.

तिला कामावरून कमी केलं. पत्रात 'गंभीर निष्काळजीपणा' असे शब्द घातले. असं पत्र हातात असल्यावर कोणता दवाखाना उभं करणार? नंदुरबारला दोन ठिकाणी गेली, नवापूरला एके ठिकाणी, सगळीकडे आधीच्या जागेवर फोन करून विचारतात. शहाद्यात बघून ठेवलेली खोली तिनं सोडून दिली.

आणि बक्षीस? बक्षीस भूपेशला लागलं. त्या अकरा दिवसांवर नाही, तेवढी लाज त्याला होती. त्यानं आधीचा आलेख दिला, नऊशेचे सहाशे ऐंशी केल्याचा, आणि दुसऱ्या क्रमांकाचं का होईना, लागलं. नंदुरबारला कार्यक्रम झाला, मला पुढच्या रांगेत बसवलं. शाल घेऊन तो माइकवर म्हणाला, "मी स्वतः ओपीडीच्या बाकावर वही घेऊन बसलो. मोलगीच्या बाजाराचा दिवस आणि आपल्या सर्व्हरचा वेग यांचा संबंध आहे, हे मला तिथे समजलं." टाळ्या पडल्या. शेजारच्यानं मला विचारलं, तुमचाच भाचा ना? माझ्या अंगाची लाही झाली. चोरी करून वर कीर्तन. मी तिथून उठून बाहेर आलो आणि परतीची बस पकडली.

त्या रविवारी मी प्रिस्किलाच्या गावी गेलो. चिंचपाड्याहून पुढे जीप, मग थोडं पायी. प्रार्थना सुटली होती, माणसं चर्चमधून घरी चालली होती. तिची आई, एस्तेरबाई, हिनं मला ओळखलं नाही, पण शहाद्याहून आलो म्हटल्यावर खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. प्रिस्किला अंगणात तूर पाखडत होती. मला बघून उठली, "या काका," म्हणाली आणि परत बसली. हल्ली ती गावातल्या शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते, बाकी शेतात जाते.

मी बसल्या बसल्या सुरू झालो. भूपेशबद्दल काय काय बोललो, ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. नमकहराम म्हटलं, कुंपणानं शेत खाल्लं म्हटलं. सांगितलं की आमच्या घराण्यात असा निपजायला नको होता, त्यानं तुलाही फसवलं आणि मलाही. माझ्या बहिणीला पुढे करून माझं तोंड बंद केलं. ती पाखडत होती, मध्येच एखादा खडा उचलून बाजूला टाकत होती. मी म्हटलं, "पोरी, उद्या सोमवार. उद्याच्या उद्या शांतीलालभाऊंकडे जातो आणि सगळं खरं सांगतो. तुझ्या पत्रातले ते दोन शब्द काढायला लावतो."

तिनं सूप खाली ठेवलं.

"काका, भूपेश सरांनी मला फसवलं असं मला कधी वाटलंच नाही," ती म्हणाली. "त्यांच्यावर माझा भरवसाच नव्हता. म्हणून तर सही मागितली. भरवसा तुमच्यावर होता."

आवाज चढला नव्हता. तापमान किती आहे, एसी किती वर ठेवू, असं विचारायची त्याच आवाजात बोलली. एस्तेरबाई चहा घेऊन आल्या. तो मी प्यालो, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं. निघताना प्रिस्किला वाटेपर्यंत सोडायला आली आणि शेवटची जीप किती वाजता असते ते सांगितलं.

सोमवारी मी गेलो. खोटं कशाला सांगू, शांतीलालभाऊंच्या फाटकापर्यंत गेलो. आत त्यांची गाडी उभी होती, म्हणजे ते घरातच होते. फाटकाच्या कडीला हात लावला आणि भिकूचा चेहरा समोर आला. म्हटलं, आज नको, बुधवारी येऊ. बुधवारी जनरेटरचं काम निघालं. नंतर भूपेशच्या मुलाचं जावळ होतं, तिथे भूपेशचा मामा म्हणून मला मानानं बसवलं.

या गोष्टीला आता चार महिने होतील. सर्व्हरच्या खोलीत नवा मुलगा आलाय, तो तिन्ही मशीनं कायम पूर्ण वेगावर ठेवतो, म्हणतो कटकट नको. मीटर परत नऊशेवर गेलाय. प्रिस्किलाच्या पत्रात ते दोन शब्द तसेच आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शांतीलालभाऊंना अजून सांगितलेलं नाही.